तुटक्या पिनेचं कासव

म्हाळूमिस्त्रीला माणसांची तोंडं लक्षात राहायची नाहीत. मी त्या शेडमध्ये पाकिटं भरायला लागले तेव्हा पहिलं वर्षभर तो मला दर दोन-चार दिवसांनी नव्यानं विचारायचा, बाई, तुमी कुण्या गावच्या? एकदा मी वैतागून म्हटलं, परवा ज्या गावची होते त्याच गावची हाय. त्यानं मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात परत विचारलं. पण बोटाच्या पेराएवढं प्लास्टिकचं खेळणं एकदा त्याच्या नजरेखालून गेलं, की ते त्याच्या डोक्यात कायमचं बसायचं. ते कुठं झालं, कुणाच्या हातचं, कधीचं, सगळं सांगायचा. चुकायचा नाही, म्हणून माणूस जास्तच डोक्यात जायचा.

वाळूजच्या कारखान्यांच्या मागं आमचं पत्र्याचं शेड होतं. अर्ध्या शेडात पिवळ्या नळ्या तळायचे, अर्ध्यात खेळणी काढायचे. एका पाकिटात मूठभर नळ्या आणि एक खेळणं: हत्ती, कासव, बंदूक, अंगठी, भोवरा. पोरं काय नळ्यांसाठी थोडीच पाकीट घ्यायची? नळ्या कुत्र्याला आणि खेळणं खिशात. त्या खेळण्यांचे साचे, आम्ही डाय म्हणायचो, म्हाळूमिस्त्री घडवायचा. दांडा दाबून वितळलेलं प्लास्टिक डायमध्ये भरायचं, गार झालं की डाय उघडायची. आम्ही सात-आठ बाया पाकिटात एकेक खेळणं टाकून मेणबत्तीवर पाकिटाचं तोंड चिकटवायचो. बोटांची सालपटं निघायची, पण घरी बसून सासूचं ऐकण्यापेक्षा बरं होतं.

त्याचं घर धनगराचं. बाप पैठणकडं मेंढरं घेऊन हिंडायचा. लहानपणीच हा मेंढरांमागून पळाला आणि शहागंजातल्या एका उस्तादाला जाऊन चिकटला. उस्ताद आधी निजामाच्या फौजेचे पितळी बिल्ले पाडायचा. पोलिस ॲक्शन झाली, फौज गेली, बिल्ले कुणाला पाहिजेत? मग तो बटणांच्या आणि खेळण्यांच्या डाय करायला लागला. म्हाळूमिस्त्री त्याच्या हाताखाली पंधरा वर्षं होता. त्याचं बोलणं त्यामुळं अर्धं धनगराचं, अर्धं शहागंजाचं. चिडला की दख्खनीत चिडायचा.

खेळणं ओळखायची त्याची रीत ठरलेली होती. आधी ते खालच्या ओठाला लावायचा. मग अंगठ्याचं नख त्याच्या अंगावरच्या सांध्यावरून हळूहळू फिरवायचा, जिथं डायची दोन पाती मिळतात तिथून. मग काळ्या दोऱ्यानं गळ्यात बांधलेलं भिंग डोळ्याला लावायचा. माझा बाप मेंढराचं तोंड बघायचा नाय, तो म्हणायचा, कान बघायचा. कानाला मालकाच्या खुणेचा काप असतो. मीबी जखमच बघतो, रूप काय कुणीबी बघतंय. डायला एकदा ओरखडा पडला की तिच्यातून निघालेल्या हजारो खेळण्यांच्या अंगावर तोच ओरखडा येतो, हे त्यानं मला किती वेळा सांगितलं असेल याला गणती नाही. दुसरी खूण मापाची. दुसऱ्याचं खेळणं समोर ठेवून डाय केली तर गार होताना माल आकसतो, आणि नक्कल मूळच्यापेक्षा केसभर लहान होते. नकलेची नक्कल आणखी लहान. त्यांना तो आई, लेक आणि नात म्हणायचा.

माझ्या थोरल्याच्या बारशाला मी त्याला बोलावलं, ती माझी चूकच झाली. जेवायला पानं मांडली आणि हा गायब. बघते तर देव्हाऱ्यापुढं उकिडवा बसलेला, हातात आमचा गणपती, ओठाला लावलेला. सासू आली. ती काही बोलायच्या आत हा म्हणाला, ह्यो चहाच्या पुड्यातला हाय, मुंबईची डाय, सोंडेवर ओरखडा बघा. माझ्या सासूनं तो गणपती तीस वर्षं काशीचा म्हणून पुजला होता. सासऱ्यांनी तिला लग्नानंतर आणून दिला होता, काशीहून आणला असं सांगून. ती बाई त्या दिवशी जेवली नाही. गणपती तिनं देव्हाऱ्यातून काढला नाही, पण म्हाळूमिस्त्रीला परत उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मी त्याला दुसऱ्या दिवशी चांगलं झापलं. म्हटलं, मिस्त्री, म्हातारीला तेवढंच एक सुख होतं, गप बसायला काय झालं होतं? त्याला माझा राग कळलाच नाही. म्हणाला, तिनं इचारलं नव्हतं हे खरं हाय, पण काशीचा नाय तर नाय.

पुढं शेड बंद पडलं. पोरांना झगझगीत पाकिटं आवडायला लागली, आमच्या नळ्या कोण खातंय? म्हाळूमिस्त्री बजाजनगरात आमच्याच गल्लीत वरच्या खोलीत राहायचा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. खोलीत काडेपेट्याच काडेपेट्या, एकावर एक भिंतभर, आणि प्रत्येकीत एक खेळणं. त्याला लिहिता येत नव्हतं. मी सातवी पास. म्हणून रविवारी सकाळी मी त्याच्याकडं भाकरी-भाजी घेऊन जायची आणि तो सांगेल ते चिठ्ठीवर लिहून काडेपेटीला चिकटवायची. हत्ती, दिल्ली, लेक. शिपाई, परदेशी, आई. माझा नवरा हसायचा, म्हणायचा, दोन येडे जमलेत.

मग शहरातले हौशी लोक यायला लागले. जुनी पाकिटातली खेळणी जमवणारी माणसं असतात, हे मला तेव्हा कळलं. पुण्याचे एक गृहस्थ मखमलीच्या पेटीत एक शिपाई घेऊन आले होते. परदेशी आहे, पन्नास वर्षांचा आहे, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. म्हाळूमिस्त्रीनं ओठाला लावला, नख फिरवलं, भिंतीतल्या एका काडेपेटीतून दुसरा शिपाई काढून शेजारी उभा केला. पुण्याचा शिपाई त्याच्यापेक्षा दोन केस बुटका भरला. नात हाय ही, तो म्हणाला, अन् नात मुंबईची हाय. गृहस्थ लालबुंद होऊन जिना उतरले. पण त्यांनीच पुढं कुणाला तरी सांगितलं असणार, कारण महिन्याभरात पेपरात म्हाळूमिस्त्रीचा भिंग लावलेला फोटो आला. तो फोटो त्यानं मला गल्लीतल्या लोकांना चार वेळा दाखवायला सांगितला. आता मिरवायचं तर मिरव बाबा, असं म्हणून मीही दाखवला.

तो फोटो बघूनच एकनाथ आला.

रविवारच होता, मी चिठ्ठ्या लिहीत होते. साठीच्या घरातला माणूस, पायजमा, टोपी, देवगाव रंगारीचा. शेती करतो म्हणाला. त्यानं खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली आणि सोडायच्या आधी बराच वेळ हातात धरून बसला. आत हिरवं कासव होतं. आमच्या शेडचं, ते मीसुद्धा ओळखलं. माझी कॉलर ताठ झाली, खरं सांगते. म्हटलं, चला, आपल्याही मालाला कुणी जपलंय.

मग तो सांगायला लागला, आणि मला कुठं बघावं कळेना. त्याला एक मुलगा आणि एक मुलगी, चिमी. चिमीला तिसरं लागलेलं. बाजारातून दोन पाकिटं आणली. पोराला हत्ती निघाला, चिमीला कासव. आमच्या प्रत्येक खेळण्याला आरपार भोक असायचं, पोरं दोरा ओवून गळ्यात घालायची. एकनाथाच्या बायकोनं, द्वारकानं, हत्ती ओवून पोराच्या गळ्यात घातला. चिमी माझं माझं म्हणून रडायला लागली. कासवात दोरा जाईना. द्वारकानं चुलीत सुई तापवून आत खुपसली, तरी जाईना. तव्यावर भाकरी करपायला लागली म्हणून तिनं कासव तसंच पोरीच्या हातात दिलं. पोरीनं ते तोंडात घातलं.

जीप मिळायला वेळ लागला. शहरातल्या दवाखान्यात आणेपर्यंत संपलं होतं. डॉक्टरनं कासव काढून एकनाथाच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, असल्या खेळण्याला आरपार भोक असतं, ते असतं तर थोडी हवा गेली असती, पोर इथवर टिकली असती. बिचारा हळहळून बोलला, पण त्या एका बोलण्यानं घर मोडलं. एकनाथाची आई म्हणाली, मायनंच तापल्या सुईनं भोक बुजवलं. द्वारका नाही म्हणाली नाही. उलट तीच सगळ्यांना सांगत सुटली, व्हय, मीच सुई घातली. चार महिन्यांनी एकनाथानं तिला शेंद्र्याला भावाकडं नेऊन सोडलं. पंचवीस वर्षं झाली, आणायला गेला नाही. आता पोरगा मोठा झाला, त्याला लेक झाली, आणि तो हटून बसला की आईला घरी आणतो. आजी अजून जिवंत, ती म्हणते, लेकराला मारणारीच्या हातचं पाणी नको.

एकनाथ म्हाळूमिस्त्रीला म्हणाला, "हे घरी बुजलं का आधीच असं व्हतं, एवढंच सांगा. तुमी म्हणाल ते मी मानीन."

म्हाळूमिस्त्रीनं कासव घेतलं. ओठाला लावलं नाही, ते मला आधी दिसलं. खिडकीपाशी गेला, भिंग लावलं. शेपटीकडून बघितलं, डोक्याकडून बघितलं. एवढा वेळ त्यानं कधीच घेतला नव्हता. माझ्याकडं पाठ होती, पण मान हलत नव्हती. शेवटी वळून म्हणाला, उद्या या. एकनाथ गेला, कासव ठेवून.

तो गेल्यावर म्हाळूमिस्त्रीनं गादीखालून एक काडेपेटी काढली. ती त्यानं मला कधी लिहायला दिली नव्हती. तिच्यात सुईपेक्षा जराशी जाड, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी लोखंडी पिन होती, एका टोकाला तिरपी तुटलेली. त्यानं ती कासवाच्या शेपटीतून आत सारली. ती अर्ध्यापर्यंत जाऊन बसली, आणि तुटक्या टोकाचा तिरपेपणा आतल्या तिरपेपणाला बरोबर भिडला. बाहेर काढली, परत घातली. परत तशीच बसली. भोक पडायचं ते डायमधल्या पिनेमुळं. पिन अर्धीच, म्हणजे भोक अर्धंच, पुढचं अर्धं कासव भरीव. द्वारकाची सुई डोक्याकडून तांदळाच्या दाण्याएवढी आत गेली होती, आणि तिच्यापुढं नुसतं प्लास्टिक. तिथं कधी भोक नव्हतंच.

मग त्यानं सांगितलं. त्या वर्षी पोळा तोंडावर आलेला, मालकाची घाई, आणि कासवाची पिन मोडली. नवी घासायला एक दिवस लागला असता. म्हाळूमिस्त्रीनं तुटकीवरच दोन दिवस माल काढला. मालकानं सांगितलं नव्हतं, ह्यानंच ठरवलं. मनात म्हणाला, दोऱ्यावाचून पोरांचं काय अडतंय? मी विचारलं, मग पिन जपून का ठेवली? तेव्हा त्यानं उस्तादाचं सांगितलं. पहिल्या खेळण्याची डाय करताना उस्तादानं त्याच्या पाठीत धपाटा घालून सांगितलं होतं, "बच्चा है, मुँह में डालेगाच. हवा जाने को रस्ता छोड." भोक दोऱ्यासाठी नव्हतंच. बाकी सगळ्यांना वाटायचं दोऱ्यासाठी, आम्हा बायांनाही. ह्याला माहीत होतं.

मी त्या वेळी जे बोलले ते आता सांगायला लाज वाटते, पण सांगते. म्हटलं, मिस्त्री, सुईनं बुजलं म्हणा. ती बाईच तसं म्हणते. पंचवीस वर्षं झाली, तुम्ही आता सत्तरीचे, ते गावातले लोक तुमचं काय करतील सांगता येत नाही. दुसऱ्या कुणाला हे ओळखता येणार आहे का? कुणालाच येणार नाही. ही चार वाक्यं मी अगदी शहाण्यासारखी बोलले. मनात हेही होतं की ती दोन दिवसांची कासवं पाकिटात टाकणारे हात आमचे होते, माझेही. शेकडो टाकली असतील. एकदाही उजेडाकडं धरून बघितलं नाही.

त्यानं कासव एका रिकाम्या काडेपेटीत ठेवलं आणि मला म्हणाला, लिवा. मी पेन घेतलं. "कासव. वाळूज. डाय म्हाळूची," तो म्हणाला, "पिन तुटल्यावर काढलेलं." अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलं. त्यानं चिठ्ठी स्वतः चिकटवली. मग भिंतीकडं तोंड करून बसला आणि म्हणाला, बाकीची कुठं गेली असतील, बाई? त्याच्यासाठी आणलेली भाजी मी तशीच घरी परत नेली.

दुसऱ्या दिवशी एकनाथाला त्यानं सगळं सांगितलं, पिन घालून दाखवली. मला वाटलं हा आता मिस्त्रीची गचांडी धरतो. त्यानं पाणी मागितलं. प्यायला नाही, तांब्या तसाच हातात धरून बसला. मग म्हणाला, आता मी तिला कोणत्या तोंडानं सांगू? म्हाळूमिस्त्री म्हणाला, तुमी नका सांगू, ते माझं काम हाय. आणि माझ्याकडं बघून म्हणाला, बाईमाणूस सोबत असलेलं बरं. मला यायचं नव्हतं. पण आदल्या दिवशी त्याला खोटं सांगा म्हणणारं तोंड घेऊन नाही कशी म्हणू?

शेंद्र्याला काळीपिवळी जीपनं गेलो. द्वारका भावाच्या अंगणात तूर पाखडत होती. वाळकी, उंच बाई, केस सगळे पांढरे. नवऱ्याला बघून उठली नाही, सूप थांबवलं फक्त. म्हाळूमिस्त्री तिच्यासमोर मातीत बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. माणसांची तोंडं लक्षात न राहणारा तो, पण तिच्या तोंडावरची नजर त्यानं काढली नाही. सगळं सांगितलं. कासव आणि पिन सुपाच्या कडेला ठेवली. शेवटी म्हणाला, "तुमी भोक बुजवलं नाय, माय. तुमी ते पाडायला बघत व्हत्या. बुजलेलं मी दिलं व्हतं."

तिनं पिन उचलून तुटकं टोक बोटानं चाचपलं. मग तिनं विचारलं, "पिन मोडली हे तुमाला तवा ठाव व्हतं?"

"व्हय."

"ती कशासाठी असती, तेबी?"

"व्हय."

मला वाटलं ती रडेल, शिव्या देईल. मी तिच्या जागी असते तर ते सूप त्याच्या डोक्यात घातलं असतं. ती उठली, घरातून भावजयीला बोलावलं, भावाला बोलावलं. शेजारच्या दोन घरांतल्या बायांना हाक मारून अंगणात आणलं. आणि म्हाळूमिस्त्रीला म्हणाली, परत सांगा. त्यानं परत सांगितलं, पहिल्यापासून, पिन घालून दाखवून. रस्त्यानं एक म्हातारा चालला होता, तिनं त्यालाही थांबवलं. परत सांगा. चौथ्या वेळेला त्याचा आवाज चिरकायला लागला, मी पाणी दिलं. एकनाथ भिंतीला टेकून खाली मान घालून उभा होता. त्याच्याकडं तिनं बघितलंही नाही.

मग ती आत जाऊन चपला घालून आली. लुगडं तेच, अंगावर तुरीचा भुसा तसाच. म्हणाली, आता देवगावला चला. एकनाथ पुटपुटला की उद्या जाऊ, आईला बरं नाही. ती रस्त्याला लागली होती.

देवगावला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. एकनाथाचा मुलगा दारात होता, कडेवर त्याची लेक. द्वारकानं त्या पोरीकडं एकदा बघितलं आणि सरळ आत गेली. तिची सासू खाटेवर होती, चिपाड झालेली, डोळे पांढरे. घरातले, दारातले, गल्लीतले लोक जमले. म्हाळूमिस्त्री खाटेशी गेला. मी दंड धरायला पुढं झाले तर त्यानं माझा हात बाजूला केला. त्यानं वाकून म्हातारीला सांगितलं. आवाज बसलेला, शब्द नीट निघत नव्हते. म्हातारीनं विचारलं, कोण हाय ह्यो? काय म्हणतो?

एकनाथ घाईनं म्हणाला, कळलं तिला, झालं आता, बसा तुमी.

"तिला ऐकू गेलं नाय," द्वारका म्हणाली. "परत सांगा."

म्हाळूमिस्त्रीनं खाटेच्या माच्याला हात टेकला, गुडघे जमिनीला लावले, तोंड म्हातारीच्या कानाशी नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.